ट्रॅकसाठी रिम-टायर कुठल्या मापाचे? सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

या महिन्यात सोलापूरहून आलेल्या पत्रांचा रोख बराचसा एकच आहे. ट्रॅक डेला, म्हणजे स्वतःची गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायला जायचंय, चाकं बदलायची आहेत, माप कुठलं घ्यावं? कोणी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेला निघालंय, कोणी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या सर्किटला. दोन्ही ठिकाणं लांबची, आणि गाडी ट्रकवर चढवून नेणं सगळ्यांना परवडत नाही. म्हणजे ट्रॅकवर जी चाकं फिरणार, तीच महामार्गावरचे खड्डे खात जाणार आणि घरी परत येणार. खालची उत्तरं हे धरूनच लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या स्विफ्टला १८५/६५ आर १५ टायर आहेत. दुकानदार म्हणतो १७ इंची अलॉय आणि २०५/४५ टायर टाका, गाडी वळणावर अजिबात सुटणार नाही. घेऊ का? (जुळे सोलापूर)

घेऊ नका. दुकानदाराचं गणित मात्र चुकलेलं नाही, ते आधी पाहू. टायरचा व्यास काढायचा तर रुंदीला (पहिला आकडा) प्रोफाइलच्या (तिरप्या रेघेनंतरचा आकडा) टक्क्यांनी गुणायचं, आलेल्या आकड्याची दुप्पट करायची आणि त्यात रिमचे इंच मिलिमीटरमध्ये मिळवायचे. तुमच्या मूळ टायरची भिंत १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे १२०.२५ मिमी. दुप्पट २४०.५, अधिक १५ इंचांचे ३८१, एकूण ६२१.५ मिमी. २०५/४५ आर १७ चा व्यास येतो ६१६.३ मिमी. फरक एक टक्काही नाही, त्यामुळे स्पीडोमीटर आणि गिअरिंग जवळपास जसंच्या तसं राहतं.

अडचण वजनाची आहे. बाजारातली साधी कास्ट १७ इंची रिम १० किलोच्या आसपास भरते. १५ इंची, ७ इंच रुंद, फ्लो-फॉर्म्ड (ओतल्यावर कडा दाबून पातळ आणि मजबूत केलेली) रिम साधारण सहा किलोत मिळते. शिवाय मोठ्या रिममध्ये हे वजन आसापासून लांब, कडेला असतं. ते फिरवायला इंजिनाची ताकद जाते, थांबवायला ब्रेकची, आणि ट्रॅकच्या उंचसखल कडांवर चाक उसळलं की पुन्हा जमिनीला टेकवायला शॉकॲब्सॉर्बरची. स्विफ्टच्या १.२ लिटर इंजिनात मुळात ताकद मोजकी आहे, ती रिम फिरवण्यात घालवू नये. आणि ९२ मिमीच्या भिंतीचा टायर रात्रीच्या खड्ड्यात आदळला, तर रिम वाकलीच म्हणून समजा.

वळणावर पकड मिळते ती टायरच्या रबरामुळे आणि टायरला रिमने दिलेल्या आधारामुळे. रिमच्या उंचीचा त्यात वाटा फार थोडा. म्हणून आमचं सांगणं असं की इंच वाढवू नका, रुंदी वाढवा. ब्रेक जेवढ्या लहान रिममध्ये मावतात तेवढीच रिम घ्यायची आणि ती अर्धा-एक इंच रुंद घ्यायची. तुमच्यासाठी १५×६.५ रिम आणि १९५/६० आर १५ टायर हा सरळ पर्याय. व्यास ६१५ मिमी, म्हणजे मूळपेक्षा एक टक्का कमी. १९५/५५ आर १५ घेतलात तर व्यास ५९५.५ होतो, सव्वाचार टक्के कमी. ट्रॅकवर गिअर आखूड पडल्याने वळणातून बाहेर पडताना फायदा होतो. पण महामार्गावर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरतं, गाडी १३ मिमी खाली येते आणि काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो.

खरं तर माप ठरवण्याआधी टायर शोधा. जून २०२० पासून नवे टायर आयात करण्यावर सरकारचे निर्बंध आहेत, त्यामुळे परदेशी चर्चांमध्ये ज्यांची नावं येतात ते बरेच मऊ रबराचे टायर इथे सहज मिळत नाहीत. आधी हातात येणारा चांगला टायर नक्की करायचा, मग त्याला शोभेल ती रिम. तुमच्या मनातला टायर १५ इंचांत मिळतच नसेल तर १९५/५५ आर १६ पाहा. त्याचा व्यास ६२०.९ मिमी, मूळच्या अगदी बरोबरीचा. आय-२० सारख्या गाड्यांना हेच माप असल्याने निवडही बरी मिळते. त्याच्याखाली १६×६.५ रिम पुरे.

स्विफ्टचं पीसीडी (नटांची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४×१००, चाक ज्यावर बसतं त्या हबचा व्यास ५४.१ मिमी आणि नटाचा आटा १२×१.२५. होंडाचंही पीसीडी ४×१०० असतं, पण आटा १२×१.५. दुकानात डब्यातून काढलेला नट दोन फेरे जाऊन अडकला आणि पोराने पाना मारून तो पुढे रेटला, तर स्टडचा आटा गेलाच. पहिले पाच-सहा फेरे नट हातानेच फिरला पाहिजे.

प्रश्न : गाडी पोलो जीटी टीएसआय. मूळ रिम ६ जे × १५, ऑफसेट ४०, टायर १८५/६० आर १५. ओळखीचा एक जण १५×७, ऑफसेट ३५ ची वापरलेली चाकं देतोय, मधलं भोक ७३.१ मिमी. बसतील का? (होटगी रस्ता, सोलापूर)

बसायला हवीत, पण पैसे देण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

रिम एक इंचाने रुंद झाली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढली. ऑफसेट म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या भागाचं अंतर, मिमीमध्ये. तो ४० चा ३५ झाला म्हणजे अख्खं चाक ५ मिमी बाहेर सरकलं. म्हणून रिमची बाहेरची कड १७.७ मिमी बाहेर जाईल आणि आतली कड ७.७ मिमी आत. एवढं गणित बहुतेकांना येतं. पण घासतो तो टायरचा फुगवटा, रिमची कड नव्हे, आणि फुगवटा एवढा वाढत नाही. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी पसरतो. १८५/६० सहा इंची रिमवर सुमारे १९४ मिमी भरतो, १९५/५५ सात इंची रिमवर सुमारे २११. म्हणजे प्रत्येक बाजूला आठ-साडेआठ मिमी. ऑफसेटचे पाच मिमी धरले की आत जेमतेम साडेतीन मिमी आणि बाहेर साडेतेरा मिमी, एवढाच बदल होतो.

आता गाडी जॅकवर घ्या आणि सध्याचं चाक असतानाच टायरची आतली भिंत आणि शॉकॲब्सॉर्बर यांच्यात किती जागा आहे ते मोजा. नवं चाक बसल्यावर तिथे किमान पाच मिमी उरले पाहिजेत, कारण वळणावर टायर कलंडतो. बाहेरच्या बाजूला स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकच्या लाइनरला टायर लागतो का ते पाहा. मागे दोन धडधाकट माणसं बसवा आणि मडगार्डची आतली दुमडलेली कड टायरला लागते का ते बघा. टायर मडगार्डच्या बाहेर डोकावत असेल तर ते माप रस्त्यासाठी सोडून द्या. दगड उडतात आणि आरटीओलाही आयतं निमित्त मिळतं.

ब्रेकचा कॅलिपर रिमला आतून लागत नाही ना, हे बघायला लहान मुलांची प्लॅस्टिसिन माती घ्या. कॅलिपरच्या सगळ्यात बाहेर आलेल्या भागावर तिचा गोळा चिकटवा, चाक लावून हाताने एक फेरा फिरवा, काढून मातीची उरलेली जाडी मोजा. तीन मिमीपेक्षा कमी उरली तर नको. तापलेला ब्रेक आणि रिमच्या आत चिकटवलेलं बॅलन्सिंगचं वजन, दोघांनाही जागा लागते. पुढे कधी ३१२ मिमीच्या डिस्क टाकायचा विचार असेल तर आत्ताच १६ इंची घ्या. १५ इंचांत त्या सहसा मावत नाहीत.

पोलोचं पीसीडी ५×१००. हीच कंपनी मोठ्या गाड्यांना ५×११२ वापरते आणि पाच भोकांची चाकं लांबून सारखीच दिसतात, तेव्हा मोजून घ्या. हब ५७.१ मिमीचा आहे, रिमचं भोक ७३.१, म्हणजे मध्ये रिंग लागणार. बाजारात प्लॅस्टिकची स्वस्त मिळते, ती ट्रॅकच्या उष्णतेने मऊ होऊन चेपते. ॲल्युमिनियमची घ्या किंवा लेथवाल्याकडून कातून घ्या. अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत हे काम करणारे हात भरपूर आहेत, फक्त माप कागदावर लिहून द्या.

बोल्टकडे नीट लक्ष द्या. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बसण्याचं टोक गोल असतं, बाहेरच्या बहुतेक रिमना ६० अंशांचं शंकूसारखं टोक लागतं. गोल बोल्ट शंकूच्या खाचेत घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण टेकलेला असतो फक्त एका बारीक वर्तुळावर, आणि चार लॅपमध्ये ढिला होतो. आटा १४×१.५. बोल्ट हबमध्ये किमान १४ मिमी शिरला पाहिजे, म्हणजे नऊ ते दहा पूर्ण फेरे. सहा-सात फेऱ्यांतच घट्ट झाला तर बोल्ट आखूड आहे, आणि फार लांब असला तर आत ब्रेकच्या भागांना लागतो. टॉर्क १२० न्यूटन मीटर, टॉर्क रेंचनेच, ताऱ्याच्या क्रमाने, आणि शक्यतो थंड चाकावर.

वापरलेल्या रिमचा टायर उतरवून ती बॅलन्सिंगच्या मशीनवर नुसती फिरवून बघा. आतली कड लचकते का, स्पोकच्या मागे बारीक चीर आहे का, कुठे वेल्डिंग करून रंग मारलाय का. वेल्ड केलेली रिम शहरात फिरेल, ट्रॅकवर मुळीच नको.

प्रश्न : त्याच पोलोला पुढे २०५ आणि मागे १८५ चालेल का? ताकद पुढच्या चाकांना आहे म्हणून विचारतो.

नवशिक्याने करू नये. पुढची पकड वाढून मागची तशीच राहिली, की वळणात ॲक्सिलरेटर सोडल्याबरोबर गाडीचा मागचा भाग फिरतो. चारही टायर सारखे असतील तर पुढचे मागे आणि मागचे पुढे बदलता येतात, आणि पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीत ते करावंच लागतं. पुढचा टायर मागच्याच्या दुपटीने झिजतो असं धरून चाला.

प्रश्न : टायरमध्ये हवा किती ठेवायची? मागच्या खेपेला सोलापुरात ३२ भरून निघालो, ट्रॅकवर पुढच्या टायरच्या कडा पार खाल्ल्या गेल्या. (विजापूर रस्ता, सोलापूर)

३२ कुठल्या तापमानाला भरली, यावर सगळं अवलंबून आहे. बंद टायरमधल्या हवेचं तापमान दहा अंशांनी बदललं की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. मे महिन्यात सोलापुरात दुपारी ४२ अंशांत भरलेले ३२, पहाटे २२ अंशांत २९ होतात. दक्षिणेकडच्या थंड सकाळी पंपाचा काटा वेगळंच दाखवतो तो म्हणूनच. टायर गळतोय असं नाही. म्हणून महामार्गासाठी भरलेली हवा ट्रॅकचा आकडा म्हणून धरू नका. ट्रॅकवर पोहोचल्यावर, टायर पूर्ण थंड असताना, सावलीत, स्वतःच्या गेजने मोजा. एकच गेज नेहमी वापरा. दोन गेजमध्ये दोन पीएसआयचा फरक सहज असतो.

महत्त्वाचा आकडा गरम टायरचा. पुढची चाकं चालवणारी हॅचबॅक आणि रस्त्याचेच चांगले टायर असतील तर गरम असताना ३४ ते ३६ पीएसआय ही सुरुवातीची चांगली जागा. ट्रॅकवर आतली हवा चाळीसेक अंशांनी तापते, दाब सहाच्या आसपास वाढतो. म्हणून थंड २९-३० ठेवून सुरू करा, मागेही तेवढीच. चार-पाच लॅप मारा, पिटमध्ये या आणि दोन मिनिटांच्या आत मोजा. हवा काढायची ती आताच. सर्किटवर उजवी वळणं जास्त असतील तर डावे टायर जास्त तापतात आणि त्यांचा आकडा दोन-तीनने चढलेला दिसतो. चारही ३५ वर आणा. थंड झाल्यावर डाव्या-उजव्यात फरक दिसेल, तो तसाच राहू द्या.

कडा खाल्ल्या जाण्याची कारणं दोन: हवा कमी, किंवा कॅम्बर (चाकाचा माथा आत कलण्याचा कोन) कमी. ओळखायचं कसं? बऱ्याच टायरच्या खांद्यावर बारीक त्रिकोणी खूण असते, तिच्यावरून खडूची आडवी रेघ ओढा. दोन लॅपनंतर रेघ त्रिकोणाच्या टोकापर्यंतच पुसली गेली तर ठीक. त्याच्याही खाली भिंतीवर पुसली गेली तर एक-दोन पीएसआय वाढवा. ३७-३८ गरमपर्यंत जाऊनही रेघ खालीच पुसली जात असेल तर हवा वाढवणं थांबवा. आता कॅम्बरचं काम आहे. अजून हवा भरलीत तर टायर मध्यावर फुगून पकडच सोडेल.

शॉकॲब्सॉर्बर नकलला (हब धरणाऱ्या भागाला) दोन बोल्टनी जोडलेला असेल तर त्यातला एक बदलून कॅम्बर बोल्ट टाकता येतो. त्याने एक ते दीड अंश मिळतो. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीसाठी पुढे उणे दीड ते उणे दोन पुरे. अलाइनमेंटवाले 'या गाडीचा कॅम्बर ॲडजस्ट होत नाही' म्हणतील, आणि मूळ बोल्टवर ते खरंच आहे. नवे बोल्ट सोबत न्या. कॅम्बर बदलला की टो-इन (वरून पाहताना चाकांची पुढची टोकं किती आत वळलीत ते) बिघडतं, म्हणून टो शेवटी लावायला सांगा. हे विसरलं तर परतीच्या प्रवासातच आतली कड संपते.

आणि निघण्याआधी दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा पुन्हा भरा. ट्रॅकसाठी काढलेली हवा, सामान, चार माणसं आणि दुपारचा डांबरी रस्ता अशी गाठ पडली की टायर फुटतो.

प्रश्न : केटीएम आरसी ३९० ला मागे १५०/६० आर १७ आहे. १६०/६० टाकला तर पकड वाढेल ना? (बार्शी)

नाही. मागची रिम ४ इंच रुंद आहे. १६०/६० टायर साडेचार इंची रिम धरून बनवतात. ४ इंचीवर तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, माथा टोकदार होतो आणि झुकल्यावर रबर उलट कमी टेकतं. वर वजनही वाढतं. त्यापेक्षा १४०/७० आर १७ पाहा. ४ इंचीवर त्याचा आकार नीट बसतो आणि गाडी पटकन झुकते. मात्र व्यास ६११.८ वरून ६२७.८ मिमी होतो, म्हणजे मागची बाजू ८ मिमी उचलली जाते आणि पुढचा फोर्क तेवढा उभा होतो. गाडी वळायला चपळ होईल, सरळ रस्त्यावर थोडी हलकी वाटेल. उंच टायर स्विंगआर्मला आणि मागच्या मडगार्डला लागत नाही ना ते चेन घट्ट आणि सैल अशा दोन्ही स्थितींत बघा. पुढचा ११०/७० आहे तसाच ठेवा.

प्रश्न : टायरवरचे ट्रेडवेअर आणि इतर आकडे कसे वाचायचे? (मुरारजी पेठ, सोलापूर)

ट्रेडवेअर म्हणजे टायर किती सावकाश झिजतो त्याचा आकडा. तो जितका कमी, तितकं रबर साधारणपणे मऊ. २०० च्या आसपासचा टायर ट्रॅकसाठी, ३०० च्या पुढचा रोजच्या वापरासाठी. पण हा आकडा प्रत्येक कंपनी स्वतः चाचणी करून देते, त्यामुळे एका कंपनीचा ३०० आणि दुसरीचा ३०० सारखे असतीलच असं नाही.

८५ व्ही असं लिहिलं असेल तर टायरमागे ५१५ किलो भार आणि ताशी २४० किमी. एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०. ट्रॅकसाठी किमान एच घ्या आणि भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा खाली नेऊ नका. पोलोचा मूळ ८४ असेल तर ८२ चा कितीही स्वस्त मिळाला तरी नको. भिंतीवरच्या चार अंकी तारखेत २३२४ म्हणजे २०२४ चा २३वा आठवडा. मऊ रबराचा टायर दोन वर्षं दुकानात पडून राहिलेला असेल तर सवलत मिळाली म्हणून उचलू नका.

नवाकोरा टायर थेट ट्रॅकवरही नेऊ नका. खोल नक्षीचे ठोकळे वाकतात, तापतात आणि त्यांचे तुकडे उडतात. आधी रस्त्यावर तीन-चारशे किलोमीटर चालवा. सोलापूरहून निघालात तर जाता जाताच होतात. उलट टोकाला, नक्षी १.६ मिमीच्या खाली गेलेला टायर कायद्याने रस्त्यावर चालत नाही. परतीचा प्रवास त्याच टायरवर करायचा असेल तर किमान तीन मिमी उरले असताना ट्रॅक थांबवा, वाटेत पाऊस लागू शकतो.

प्रश्न : रिम आत घासते म्हणून १० मिमीचे स्पेसर टाकले तर? (होटगी रस्ता, सोलापूर)

स्पेसर टाकण्यापेक्षा बरोबर ऑफसेटची रिम घ्या. टाकायचेच असतील तर हबच्या मापाचे, आणि बोल्ट किंवा स्टड मूळपेक्षा स्पेसरच्या जाडीइतके जास्त लांब. प्रत्येक सेशननंतर टॉर्क तपासायचा. जुन्या बोल्टवर स्पेसर लावलेली गाडी आयोजक तपासणीत बाहेर काढतात, आणि बरोबरच करतात.

प्रश्न : ट्रॅकचे टायर वेगळे ठेवलेत. उन्हाळ्यात कुठे ठेवू? (जुळे सोलापूर)

पत्र्याच्या शेडमध्ये आणि गच्चीवर नको. घरात, अंधाऱ्या खोलीत, काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा. वेल्डिंग मशीन, इन्व्हर्टर किंवा पाण्याची मोटर शेजारी नको, ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि तो रबराला भेगा पाडतो. रिमवर चढवलेले असतील तर आडवे रचून हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा. नुसते टायर असतील तर उभे ठेवून महिन्याकाठी थोडे फिरवा. टायरवाला लावतो ते चकाकीचं तेल या टायरना लावू देऊ नका.